आत्या लेओंतीनचा मुका

सोलांज माझी धाकटी बहीण. सख्खी, एकाच आईची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली आमच्या लेस्ताक बंदरावर जो उठतो तो तिच्याशी नातं जोडतो. मासळीवाली म्हणते, माझी मावसबहीण. पोस्टमन म्हणतो, शाळेत माझ्याच बाकावर बसायची. सगळं खोटं. शाळेत ती एकटी बसायची, आणि मासळीवालीच्या घराण्याशी आमच्या आईने कधी संबंध ठेवला नाही. बहीण माझी आहे, आणि ती जगातली सगळ्यात पातळ वस्तू बनवते.

पातळ म्हणजे किती? कांद्याचा पापुद्रा घ्या. तिच्यापुढे तो गादी आहे. सिलिकॉनचा थर, एका अणूच्या जाडीचा. त्याच्याहून पातळ करायला गेलात तर हातात काही उरतच नाही. पेन्सिलीतल्या शिशाचा असा थर काही लोक काढतात, तो चिकटपट्टीनेसुद्धा सुटतो म्हणे. त्यात काय मोठंसं! सिलिकॉन तसं सुटत नाही. ते चांदीवर वाढवावं लागतं, लेकरासारखं. शर्टाच्या बटणाएवढा चांदीचा तुकडा असतो, आरशासारखा. तो तापवायचा, समोर सिलिकॉनची पट्टी लाल होईस्तोवर पेटवायची, मग तिची वाफ चांदीवर दंवासारखी बसते. चांदी जास्त तापली तर सिलिकॉन आत मुरतं आणि थर मोडतो. कमी तापली तर गोळे होतात. मधल्या एवढ्याशा जागेत सोलांज उभी असते.

आणि हे सगळं पोकळीत. हवेचा वारा लागला की थर गेला. म्हणून तो डोळ्यांनी कुणी पाहिलेला नाही. हातात धरलेला नाही. बाहेर काढलेला नाही.

"मग आहे कशावरून?" हे तुसाँचं पहिलं वाक्य. तुसाँ कुठला ते पुढे सांगतो.

सोलांजला हा नाद लहानपणापासूनचा. नाताळात चॉकलेट आलं की आम्ही चॉकलेट खायचो आणि ही वरची चांदी घ्यायची. टेबलावर ठेवून अंगठ्याच्या नखाने सपाट करत बसायची. एक सुरकुती राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून. आई ओरडायची, "अगं, सूप गार झालं!" ही मान वर करायची नाही. शेवटी ती चांदी इतकी सपाट व्हायची की आईने एकदा त्यात बघून केस विंचरले. हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या घरात चपटं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मी बोटींची इंजिनं खोलतो, म्हणजे हात म्हणजे काय हे मला कळतं.

पुढे ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराखालच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत लागली. तिथे तिच्या वाट्याला थर वाढवायचं यंत्र आलं. पोलादाचं मोठं पोट, त्याला चारी बाजूंनी नळ्या, काचेच्या गोल खिडक्या, आणि सगळ्या अंगाला स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला. कारण पोकळी करायची तर आधी यंत्र कागदात गुंडाळून दिवसच्या दिवस भाजावं लागतं, म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जातं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "सोलांज, ओव्हनमध्ये घालायला टर्की तयार आहे."

ती म्हणाली, "दादा, टर्की नाही. आत्या लेओंतीन आहे."

आणि खरंच! आमची आत्या लेओंतीन तशीच होती. बैठकीची खोली कायम बंद. सोफ्यावर चादरी. आत पाऊल टाकायचं तर बूट काढा, हात धुवा, आणि श्वाससुद्धा जपून घ्या. जराशी धूळ आली की तिला दमा. शिवाय मागचा भाग असा भरदार की बेकरीच्या दारातून आडवी जायची. यंत्राचंही पुढून सगळं नाजूक, काचा आणि सुया. मागून एक मोठी गोल पोलादी चकती, भिंतीकडे तोंड करून. नाव असं चिकटलं की तिच्या साहेबीण मादाम रुबो, एवढ्या शिकलेल्या बाई, त्यासुद्धा मीटिंगमध्ये विचारायच्या, "आज आत्यांची तब्येत कशी आहे?"

तब्येत बिघडली ती मागच्या वसंतात. आत्या हवा खायला लागली. कुठूनतरी केसाएवढी गळती. पुढच्या तबकडीवरची, आतली हवा मोजणारी सुई जिथे निजून राहायला हवी तिथे राहीना, वर चढायची. सोलांज थर वाढवायची, आणि बघता बघता तो डागाळायचा. तिने एकेक सांधा तपासला. वायू फवारून पाहिला, बोळ्याने स्पिरिट लावून पाहिलं. गळतीवर स्पिरिट पडलं की ते आत ओढलं जातं आणि सुई उडी मारते. सुई काही उडी मारीना. मादाम रुबोंनी पाहिलं, दुसऱ्या गावाहून माणसं आली, त्यांनी पाहिलं, सगळ्यांनी माना हलवल्या. मागची चकती कुणी तपासली नाही. यंत्र जन्मल्यापासून ती उघडलीच नव्हती. जे उघडलंच नाही ते गळेल कसं?

सोलांज माझ्याकडे रविवारी जेवायला यायची ती नुसती बसायची. माझी बायको चण्याच्या पिठाच्या पानीस तळायची, खास तिच्यासाठी, गोल आणि पातळ. ती एक उचलून उजेडात धरायची आणि परत ठेवायची.

"खा की गं."

"दादा, या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी फिटर येणारेत."

"कशाला?"

"आत्याला खोलायला. तुकडे करून वाटणार आहेत. पंप एकाला, खिडक्या दुसऱ्याला. खोली तिसऱ्याला."

"आणि तू?"

"मला भांडारात. हातमोजे आणि बाटल्या द्यायला." मग म्हणाली, "त्याच्या आधी एक स्वच्छ थर दाखवला तर राहील म्हणाल्या मादाम रुबो. एकच."

मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, "तू माझी बहीण आहेस, होणार म्हणजे होणार." आणि संध्याकाळी क्लबात जाऊन सांगितलं की झालाच आहे.

क्लब म्हणजे आमचा गोळ्यांचा क्लब, बंदराच्या वर, चिनाराखाली. पेताँक खेळतो आम्ही: लोखंडी गोळ्या छोट्या लाकडी गोळीच्या जितक्या जवळ टाकता येतील तितक्या टाकायच्या, आधी तेरा गुण करेल तो जिंकला. तिथे हा तुसाँ. कॉर्सिका बेटावरचा, जन्मात एकदाच बोटीत बसला तो इकडे येताना, आणि तेव्हापासून त्याला वाटतं की समुद्र त्याने आणला. मिशा अशा की पास्तिस, म्हणजे आमची बडीशेपेची कडक दारू, प्यायला की अर्धा ग्लास मिशांतच राहतो.

"ओनोरे," तो मला म्हणाला, "तुझी बहीण जे बनवते ते दिसत नाही, हाताला लागत नाही, बाहेर काढलं की नाहीसं होतं. बरोबर?"

"बरोबर."

"माझा मेहुणा असंच बनवतो. तो त्याला नोकरी म्हणतो."

सगळे हसले. मी म्हटलं, "तुसाँ, तुझ्या अकलेपेक्षा जाड आहे तो थर, तरी एकाच अणूचा आहे."

"मग मला सांग, जाडीच नाही तर त्याला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली?"

यावर क्लबात दोन तट पडले. अध्यक्ष म्हणाले, प्रत्येक वस्तूला मागची बाजू असतेच, नाहीतर ती वस्तू कसली. खाटीक म्हणाला, देवाला नसते. ते भांडण पाद्रीबाबांपर्यंत गेलं. त्यांनी सांगितलं की येत्या शनिवारी विद्यापीठाची दारं सगळ्यांसाठी उघडी असतात, जा आणि विचारा. विज्ञानाचा सण असतो तो, दर ऑक्टोबरात. शाळेची पोरं जातात, म्हातारे जातात, फुकट कॉफी असते. म्हणून आमचा अख्खा क्लब गेला, गोळ्या घेऊन. गोळ्या का? आम्ही बाहेर पडतो तेव्हा गोळ्या घेतोच. कुणी चष्मा घेतं, तसं.

सोलांजने आम्हाला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"दादा, आज? आणि हे सगळे?"

"अभिमानाने आलेत," मी म्हटलं.

"मी संशयाने आलोय," तुसाँ म्हणाला. "पोरी, दाखव."

तिने नीट दाखवलं. खिडकीतून चांदीचं बटण दाखवलं. सुई दाखवली आणि खरं तेही सांगितलं की सुई जिथे हवी तिथे नाही, आत्या आजारी आहे, सध्या थर टिकत नाही. हे सांगायची गरज नव्हती. पण ती तशी आहे.

तुसाँला तेच हवं होतं. "म्हणजे नाही!" तो क्लबाकडे वळून म्हणाला. "ओनोरे म्हणतो, आहे; ही म्हणते, नाही. घराण्यात एक तरी खरं बोलतं."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण बोलली सोलांज. हळूच म्हणाली, "तुसाँकाका, गोळ्या आणल्यात ना? चला बाहेर. मी हरले तर क्लबात येऊन सगळ्यांपुढे सांगते की मी काहीच बनवत नाही."

मी तिचा दंड धरला. "अगं, तू कुठे खेळतेस?"

"दादा, डोकं फुटायची वेळ आलीय. काहीतरी फेकू दे मला."

प्रयोगशाळेमागे पाइन झाडांखाली खडी आहे. तिथे जमले दोघं, भोवती क्लब, शाळेची पोरं, दोन प्रोफेसर. तुसाँने मिशा चोळल्या, झकास गोळी टाकली, छोट्या लाकडी गोळीच्या अगदी कुशीत. सोलांजने वाकून पाहिलं, जशी ती चांदी पाहायची तशी, एक डोळा मिटून, आणि गोळी सोडली. तुसाँची गोळी उडून झाडाला लागली आणि हिची तिच्या जागी बसली, हलली नाही. पुढेही तेच. आणि तेच. ती फेकत नव्हती, ठेवत होती. तुसाँ आधी हसला, मग खडीला शिव्या दिल्या, मग पाइनच्या सुयांना, मग सरकारला.

तेरा–शून्य.

आमच्याकडे तेरा–शून्य हरणं म्हणजे मरण परवडलं. हरणाऱ्याने गुडघ्यावर बसून फानीच्या ढुंगणाचा मुका घ्यायचा. फानी म्हणजे लाकडात कोरलेली बाई. प्रत्येक क्लबात असते, पडद्यामागे, पाठमोरी, झगा वर धरून. आणि मुका तिथल्या तिथे घ्यायचा. मुका घेतल्याशिवाय घरी गेला तर पुढे वर्षभर त्याच्याबरोबर कुणी खेळत नाही.

"फानी लेस्ताकला आहे," तुसाँ सुटका झाल्यासारखा म्हणाला. "मी काय करू?"

अध्यक्षांनी हॅट काढली. असे प्रश्न ते हॅट काढूनच सोडवतात. "फानी नसेल तर बदली चालते. पण बाई पाहिजे. तिला नाव पाहिजे. आणि मागून गोल पाहिजे."

मग सगळ्यांनी एकदम प्रयोगशाळेच्या दाराकडे पाहिलं.

"नाही!" मी ओरडलो. "आमची आत्या आहे ती!"

"माझ्या आत्याला हात लावायचा नाही," सोलांज म्हणाली. "पुढून काचा आहेत." मग तिने तुसाँकडे पाहिलं. तो बिचारा खडीवर उभा होता, गोळ्या पिशवीत भरायचंही विसरला होता. तिला त्याची दया आली असावी. म्हणाली, "मागून घ्या. मागच्या चकतीचं कुणी काही बिघडवू शकत नाही. पण हात पाठीमागे बांधून."

आत गेलो. तुसाँने धीर यावा म्हणून पिशवीतली पास्तिसची बाटली तोंडाला लावली, पाण्याशिवाय. मिशा ठिबकायला लागल्या. आत्या आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तो आडवा घुसला, गुडघे टेकले. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती. मुक्याच्या वेळी वाजवायची क्लबाची घंटा अध्यक्षांच्या खिशात कायम असते, ती त्यांनी वाजवली.

तुसाँने डोळे मिटले आणि चकतीच्या काठावर, दोन बोल्टांच्या मध्ये, मुका घेतला. मिशांसकट.

सोलांज पुढे उभी होती. तिला मुका बघायचा नव्हता, म्हणून सवयीने सुईकडे बघत होती.

सुईने उडी मारली.

"पुन्हा घ्या!" ती किंचाळली.

"काय?" फटीतून आवाज आला.

"मुका! तिथेच! पुन्हा घ्या, तुसाँकाका!"

"एकदाच असतो! नियम आहे!"

"घे म्हणते ना ती!" मी मागून ढकललं.

तुसाँने घेतला. सुई उडाली. "आता जरा डावीकडे," सोलांज म्हणाली. काही नाही. "खाली." काही नाही. "मिशा पुन्हा भिजवा." अध्यक्षांनी बाटली आत सरकवली. "आता पहिल्या जागी, पण नुसत्या मिशा, ओठ नकोत." सुई अशी उडाली की काठाला जाऊन आपटली.

नेमक्या त्याच वेळी मादाम रुबो पाहुण्यांना घेऊन दारात आल्या. आत एक घंटा वाजत होती, अख्खा क्लब "डावीकडे! डावीकडे!" ओरडत होता, आणि यंत्राच्या मागून कॉर्सिकाचा एक माणूस रडवेल्या आवाजात विचारत होता, "बाई, अजून किती?"

"सोलांज," मादाम रुबो म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"गळती सापडली, मादाम," सोलांज म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आत्याच्या मागे आहे. मिशांतल्या पास्तिसने सापडली."

मादाम रुबोंनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आमची एक जुनी पद्धत आहे."

त्याच दुपारी सोलांजने मागची चकती उघडली. आत सांध्याला तांब्याची कडी असते, दोन पोलादी ओठांत दाबलेली. त्या कडीवर एक ओरखडा होता, केसासारखा, यंत्राच्या जन्मापासूनचा. इतकी वर्षं भाजून भाजून त्याने तोंड उघडलं होतं. नवी कडी घातली. माझ्या बायकोने घरातले अॅल्युमिनियमच्या कागदाचे सगळे रोल दिले, आणि आम्ही दोघा भावंडांनी आत्याला गुंडाळलं. सोलांज मला सारखी ओरडत होती, "दादा, सुरकुती!" यंत्राला सुरकुतीने काय फरक पडतो? पण मी नखाने सपाट केली. मग आत्या भाजत राहिली, मग गार झाली, मग चांदीचं बटण घासून तापवून पुन्हा आरशासारखं केलं. एवढं होईस्तोवर गुरुवार उजाडला. शुक्रवारी फिटर येणार होते.

गुरुवारी मी इंजिनं तशीच टाकून तिच्याजवळ जाऊन बसलो. सुई निजली होती. लहान मूल निजतं तशी, तोंड उघडं टाकून. सोलांजने चांदी तापवली, पट्टी पेटवली. खिडकीतून लालसर उजेड पडला. ती तापमानाच्या आकड्यावर बोट ठेवून उभी राहिली, इतकी स्थिर की मला वाटलं, श्वास घ्यायला विसरली. थर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडले की यंत्राच्या पडद्यावर त्याचे ठिपके उमटतात. अजून पडद्यावर नुसत्या चांदीचे ठिपके होते, षट्कोनात, नीटनेटके. मग त्यांच्या मधल्या अंधारात, जिथे काही नव्हतं तिथे, नवे ठिपके उमटायला लागले. आधी पुसट. मग स्पष्ट. मग आकाश निरभ्र झाल्यावर दिसतात तसे.

"हाच का?" मी विचारलं.

"हाच, दादा."

"किती वेळ टिकेल?"

तिने सुईकडे पाहिलं. "आत्या दार उघडत नाही तोवर."

संध्याकाळी क्लबात मी सांगितलं. या वेळी खरं होतं, म्हणून जास्त वेळ सांगितलं. तुसाँ कोपऱ्यात बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर उठला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "थर तिने वाढवला. पण आत्याला जवळ मी घेतलं." त्या संध्याकाळी त्याला कुणी पैसे देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर आले, पाने आणि रिकामी ढकलगाडी घेऊन. सोलांज दारात उभी होती, हातात ठिपक्यांचं चित्र. मागे मादाम रुबो.

"इथलं काही खोलायचं नाही," मादाम रुबो म्हणाल्या. "सोलांज इथेच राहील, आत्याही."

"मग आम्ही मोकळी गाडी घेऊन जायचं?"

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत तुसाँ आला. लग्नातला काळा कोट, मिशांना मेण, काखेत पास्तिसची बाटली. त्याच्या मागे वरच्या मजल्यावरचे टकले प्रोफेसर. त्यांचं यंत्र गेलं वर्षभर गळत होतं, आणि ते भल्या सकाळी लेस्ताकला जाऊन त्याला घेऊन आले होते. तुसाँचे गुडघे शनिवारपासून दुखत होते. फिटरांनी त्याला ढकलगाडीवर बसवलं आणि कॉरिडॉरमधून नेलं. सोलांज आणि मी मागे.

प्रोफेसरांचं यंत्र आत्यापेक्षा मोठं. तुसाँ गाडीवरून उतरला, हॅट काढली, यंत्राला एक फेरी मारून आला.

"मागची बाजू कुठली?"

सोलांजने दाखवली. तो गुडघे टेकायला वाकला आणि मध्येच थांबला.

"हिचं नाव काय?"

"नाव?" प्रोफेसर म्हणाले. "नाव असं काही ठेवलेलं नाही."

तुसाँ सरळ उभा राहिला आणि हॅट परत डोक्यावर घातली. "मग जमणार नाही. अनोळखी बाईचा मुका मी घेत नाही."

प्रोफेसरांनी सोलांजकडे पाहिलं. सोलांजने खांदे उडवले. ते जरा घुटमळले, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बेर्त. माझ्या सासूबाई."

तुसाँने मिशा भिजवल्या.